डब्यातल्या मेथीपासून भेंडीच्या बीपर्यंत: लहान मुलांसोबत पहिली बाग

मुलांना बागकामाची गोडी लावायची असं ठरलं की आपण बहुतेक सगळे एकच करतो. रविवारी सकाळी रोपवाटिकेत जातो, मुलाने बोट दाखवलेला गुलाब घेतो आणि सोबत प्लॅस्टिकची रंगीत अवजारंही घेतो. सोमवार ते बुधवार मूल दिवसातून पाच वेळा पाणी घालतं. गुरुवारी विसरतं. महिन्याभराने कुंडीत काड्या उरतात आणि "आमच्याकडे नाही बाई त्याला आवड" असा निकाल लागतो.

दोष त्या गुलाबाचा. चार वर्षांच्या मुलाला 'पुढच्या महिन्यात' म्हणजे काय ते कळत नाही. त्याचं जग काल, आज आणि "उद्या आजी येणार" एवढ्यात मावतं, आणि गुलाब आठ-आठ दिवस त्याला काहीच नवीन दाखवत नाही. म्हणून मी आधी दोन दिवसांत काहीतरी दिसेल असं देते, मग दहा दिवसांचं, मग दीड महिन्याचं आणि शेवटी अख्ख्या हंगामाचं. वाट पाहायची सवय अशी पायरीपायरीने वाढते. ठाण्यातल्या आमच्या जेमतेम आठ फुटी गॅलरीत माझी लेक, भाचा आणि मजल्यावरची दोन-तीन मुलं यांच्यासोबत हे बऱ्याचदा करून झालंय. चुकाही भरपूर झाल्यात, त्या त्या त्या जागी सांगते.

पहिले दोन दिवस: मोड

काहीही विकत आणू नका. मिसळणाचा डबा आणि कडधान्याच्या बरण्या खाली उतरवा आणि मुलाला विचारा, "यातलं काय काय उगवेल?" मुलं बिनधास्त उत्तरं देतात. आमच्याकडे एकाने मीठ उगवेल असं ठामपणे सांगितलं होतं. मी पेरू दिलं. चार दिवस त्याने रोज वाकून पाहिलं आणि पाचव्या दिवशी स्वतःच म्हणाला, "हे बी नाहीये."

मग चार वाट्या घ्या. एकीत अख्खे मूग, दुसरीत मुगाची डाळ, तिसरीत कच्चे शेंगदाणे, चौथीत भाजलेले शेंगदाणे. रात्री भिजत घाला. सकाळी पाणी काढून प्रत्येक वाटीवर ओलं फडकं टाका, ते सुकू देऊ नका. उन्हाळ्यात मुगाला दुसऱ्या दिवसापर्यंत मोड दिसतात, थंडीत एखादा दिवस जास्त लागतो, शेंगदाण्यांना दोन-तीन दिवस. डाळ आणि भाजलेले दाणे मात्र ढिम्म. डाळ भरडताना बीचे दोन तुकडे होतात आणि कोंब तिथेच तुटून जातो, तर भाजल्यावर बीच मरतं. हे समजावून सांगायची घाई करू नका. "का बरं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं हे या सगळ्या उपक्रमातलं मोठ्यांसाठीचं सर्वांत अवघड काम आहे.

कोकणातल्या घरांना इथे एक फायदा आहे. बिरड्यासाठी वाल भिजवून, मोड आणून, डाळिंब्या सोलायला मुलांना बसवतातच. त्या वेळी एक डाळिंबी हळूच उघडून दाखवा. दोन पाकळ्यांच्या मध्ये दुमडलेली इवलीशी पानं आणि खाली टोकदार मूळ नुसत्या डोळ्यांनी दिसतं. अख्खं झाड आत घडी घालून ठेवलंय हे पाहिल्यावर माझा भाचा पुढच्या वीस डाळिंब्या उघडत बसला आणि त्या दिवशी बिरड्यात जवळजवळ सगळी डाळच होती.

पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी याच्या पुढची पायरी काचेच्या बरणीची. बरणीच्या आत कडेने ओला टिश्यू पेपर लावा आणि काच व कागद यांच्यामध्ये चवळीचे किंवा वालाचे तीन-चार दाणे अडकवा. तळाशी बोटभर पाणी राहू द्या. मूळ निघून खाली गेलं की बरणीतलं पाणी काढून ती आडवी ठेवा. कागद मात्र ओला राहिला पाहिजे. दोनेक दिवसांत मुळं पुन्हा जमिनीच्या दिशेने वळलेली दिसतात. मुलांना हा जादूचा प्रयोग वाटतो, आणि खरं सांगायचं तर मलाही अजून वाटतो.

पुढचे दहा दिवस: मेथी

मुंबईच्या बाजारात वाळूत वाढवलेल्या, मुळांसकट बांधलेल्या छोट्याशा मेथीच्या जुड्या मिळतात, ती समुद्रमेथी. आपण घरी तीच करायची, डब्यातल्या मेथीदाण्यांची. लहान मुलासाठी याहून खात्रीचं पीक मला माहीत नाही.

श्रीखंडाचा किंवा आइस्क्रीमचा रिकामा डबा घ्या. तळाला सात-आठ भोकं तुम्ही पाडा (सुई तापवून, मूल दूर असताना). डब्यात तीन बोटं माती भरा. दोन चमचे मेथीदाणे रात्रभर भिजवलेले असू द्या. मूल ते चिमटीने पसरतं. एका जागी ढीग होणारच, होऊ द्या. वर अगदी पातळ मातीचा थर, जेमतेम दाणे झाकतील एवढाच. मग पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माती जागोजागी उचलल्यासारखी दिसते. तो दिवस चुकवू नका. दाणे डोक्यावर मातीची ढेकळं घेऊन वर येतात आणि मुलाला ते फार विनोदी वाटतं. आठ-दहा दिवसांत बोटभर उंचीची मेथी तयार होते. मुलाच्या हातात बोथट कात्री द्या, कापू द्या आणि त्याच दिवशी तिचं काहीतरी करा. थालीपीठ, वरणात घातलेली चिमूट, काहीही. एका डब्यातून मूठभरच निघते, पण ताटात आली पाहिजे. पालेभाजीला तोंड वाकडं करणारी मुलं स्वतः कापलेली मेथी खातात की नाही? आमच्याकडे निम्मी खातात. निम्मी फक्त कापतात.

तोच डबा दुसऱ्यांदा पेरताना त्यातले अर्धे दाणे दुसऱ्या डब्यात घालून तो कपाटात ठेवा. पाच दिवसांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. कपाटातली मेथी लांबलचक, वाकलेली आणि पिवळी असते. मुलाने नवरात्रात घट पाहिला असेल तर त्याला आठवण द्या: देवघराच्या कोपऱ्यात पेरलेला गहू नऊ दिवसांत असाच पिवळट उंच होतो आणि दसऱ्याला टोपीत, केसांत खोवला जातो. खरं तर घटस्थापना हा मराठी घरातला मुलांसोबतचा जुना पेरणीचा प्रयोग आहे. आपण फक्त मुलांना त्याला हात लावू देत नाही. यंदा परडीतली माती त्यांना कालवू द्या.

मेथीसोबत मोहरीही चालते, ती तितकीच चटपटीत. कोथिंबीर मात्र इतक्यात नको. धणे रगडून दोन फाकी करून पेरले तरी उगवायला आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. त्या दहा दिवसांत मूल रोज माती उकरून पाहतं आणि उगवत असलेलं तोडून टाकतं.

माती कालवणं

डब्याची मेथी दोनदा झाली की कुंडीकडे वळा. इथे मुलाला अख्खा एक तास द्या आणि त्याच्या अंगावर जुने कपडे असू द्या.

माझं प्रमाण साधं आहे: दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). वाटीने मोजायला मुलाला सांगा, बेरीज आपोआप होते. कोकोपीटची वाळकी वीट परातीत ठेवून तिच्यावर पाणी ओतलं की ती फुगत-फुगत परात भरते, हे काम पूर्णपणे मुलाचं. शेणखत मात्र तुम्ही तपासा: त्याला शेणाचा वास येत असेल तर ते कच्चं आहे. कुजलेल्या खताला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो आणि ते हातात भुरभुरतं. कच्च्या खताने मुळं जळतात, शिवाय मुलांच्या हाताला ते नकोच.

मिश्रण जमलं की नाही ते लाडू वळून पाहायचं. मूठभर ओलसर मिश्रण घट्ट दाबा. लाडू वळलाच नाही तर ते फार भुसभुशीत झालंय, पाणी धरणार नाही. लाडू वळला आणि बोट टोचल्यावरही फुटला नाही तर चिकण जास्त, घाटावरच्या काळ्या मातीत असं होतं. थोडी वाळू किंवा कोकोपीट वाढवा. लाडू वळला आणि बोट लावताच फुटला की झालं. ही परीक्षा मुलं दहा-दहा वेळा करतात. करू द्या, त्यात मातीही छान मिसळून निघते.

दोन वर्षांचं मूल याहून पुढे गेलं नाही तरी चालेल. त्याच्यासाठी बागकाम म्हणजे माती एका डब्यातून दुसऱ्या डब्यात ओतणं. त्यात पेरणी शोधू नका.

पाणी: ओरडण्याऐवजी भांडं बदला

मुलांच्या हातून सर्वाधिक रोपं जातात ती पाण्यापायी, आणि तेही जास्त पाण्यापायी. "पुरे! पुरे!" म्हणून काही होत नाही. मग्याने पाणी घालायला दिलं तर मूल मगाभर घालणारच. म्हणून अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या झाकणाला पाच-सहा भोकं पाडा. ती बाटली दाबली की बारीक धारा येतात, माती उसळत नाही आणि एका वेळी फार पाणी जात नाही. दिवसाला एकच बाटली, ती सगळ्या कुंड्यांना पुरवायची, हा नियम मुलं आनंदाने पाळतात.

पाणी घालायचं की नाही हे बोट ठरवतं. मुलाने बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घालायचं. ओलं लागलं तर आज सुट्टी. बोटाला माती चिकटून आली तरी सुट्टी. आमच्या गॅलरीत पावसाळ्यात सलग चार-चार दिवस सुट्टी असते आणि तेव्हा मुलं नाराज होतात. त्यासाठी एक रिकामी कुंडी ठेवली आहे, नुसती मातीची. हवं तितकं पाणी तिथे घाला.

आणखी एक काम त्यांच्याकडे सोपवा. कुंडीखालच्या ताटल्यांत साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून, ताटली पुसून कोरडी करायची. डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. महापालिका ज्याला 'कोरडा दिवस' म्हणते तो घरी रविवारी पाळा. एखाद्या ताटलीत वळवळणाऱ्या अळ्या सापडल्या तर फेकण्याआधी भिंगातून दाखवा.

दीड महिना: भेंडी

आता खरी बाग. इथे टोमॅटो, मिरची, ढोबळी असं काहीही सुचतं, पण पहिल्यांदा मी भेंडीच सुचवते. तिचं बी मुलाच्या चिमटीत येईल एवढं मोठं असतं. उगवायला पाच ते सात दिवस लागतात आणि साधारण दीड महिन्यात फूल येतं, पिवळं, मध्यभागी गर्द किरमिजी. ते फूल पाहून शेजारच्या काकू हमखास विचारतात, "ही कुठली जास्वंद?" त्यांचं अगदीच चुकत नाही, दोन्ही एकाच कुळातल्या. फुलानंतर पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायला तयार. रोज सकाळी ती कालपेक्षा लांब झालेली दिसते. ज्याला वाट पाहणं जमत नाही अशा मुलासाठी इतकी बोलकी भाजी दुसरी नाही.

बाराएक इंची कुंडी, त्यात एकच रोप. बी रात्रभर भिजवा. पेन्सिलने बोटाच्या एका पेराएवढं भोक पाडायला मुलाला सांगा. एका कुंडीत तीन बिया टाका आणि उगवल्यावर सर्वांत दणकट रोप ठेवून बाकीची कात्रीने कापा. ही कापणी मुलांना क्रूर वाटते. माझ्या लेकीने साफ नकार दिला होता. मग आम्ही तिन्ही ठेवली, आणि तिन्ही खुरटी राहिली. पुढच्या वर्षी कात्री तिनेच मागितली.

जागा निवडताना मुलाला खडू द्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, दहा, बारा, दोन आणि चार वाजता गॅलरीच्या फरशीवर ऊन कुठवर आलंय त्याची रेघ मारायची. ज्या पट्ट्यात पाचेक तास ऊन पडतं तिथे भेंडी. दोन-तीन तासच पडत असेल तर भेंडीचा हट्ट सोडून पुदिना, अळू, गवती चहा असलं काही लावा. पुदिना तर बाजारच्या जुडीतून होतो: खालची पानं काढून काड्या पाण्याच्या पेल्यात ठेवा, एक दिवसाआड पाणी बदला, आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं फुटतात.

रोपाला उंचीची काठी लावून मुलाने दर रविवारी खूण करायची. शेजारी भिंतीवर त्याची स्वतःची उंचीही. भेंडी त्याला गाठते की नाही ही शर्यत आमच्याकडे दोन महिने चालते.

रोप मोठं झालं की कोवळ्या शेंड्यावर मावा येतो, बारीक हिरवे-काळे ठिपके आणि त्यांच्या मागे मुंग्यांची रांग. भिंगातून दाखवा, मग पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन टाका. कडुलिंबाचं तेल मारायचं तर ते काम मोठ्यांचं. ठिपकेवाला लाल ढालकिडा दिसला तर फवारणी थांबवा, तो मावा खातो. भेंडीच्या पानांना आणि फळांना बारीक लव असते, काही मुलांच्या हाताला खाज येते. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घातला की झालं.

कुंडी कोणाची?

कुंडीवर मुलाचं नाव लिहा आणि मग ती खरोखर त्याचीच राहू द्या. १८४० मध्ये जर्मनीत फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग असं नाव दिलं, तेव्हा तिथे खरीखुरी बाग होती आणि त्यात प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा होता. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जी बालवाडी उभी केली, तिची शिकवण्याची साधनंही आसपासच्या बिया, पानं, खडे अशीच होती. आज शहरातल्या बालवर्गाच्या भिंतीवर सूर्यफूल रंगवलेलं असतं आणि मैदानात फरशी असते, हा भाग वेगळा.

माझी चूक सांगते. लेक पाच वर्षांची असताना तिची झेंडूची कुंडी मेली. ती रडेल म्हणून मी रात्री गुपचूप रोपवाटिकेतलं तेवढंच रोप त्या कुंडीत लावलं. सकाळी तिने पाहिलं, जवळ गेली आणि म्हणाली, "माझ्या झेंडूचं एक पान फाटलेलं होतं." पुढे बरेच दिवस ती त्या कुंडीकडे फिरकली नाही. ते रोप तिचं नव्हतंच.

त्यानंतर मेलेलं रोप आम्ही मेलेलं म्हणूनच पाहतो. मुळासकट उपटायचं, धुवायचं, पांढऱ्या कागदावर ठेवायचं. मुळं तपकिरी आणि लिबलिबीत असतील तर पाणी जास्त झालं. मुळं कोरडी, पानं कुरकुरीत असतील तर कमी. इवल्या रोपाचा देठ जमिनीलगत बारीक होऊन आडवा पडला असेल तर ती बुरशी, दाट पेरणी आणि सतत ओल यांनी येणारी. कारण सापडलं की रोप कुजायला खताच्या बादलीत. मुलं हे सगळं आपल्या अंदाजापेक्षा शांतपणे घेतात.

आगंतुक पाहुणे

कुंडीत कडीपत्ता किंवा लिंबाचं रोप असेल तर पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसेल. पुसू नका. लिंबावर वाढणाऱ्या फुलपाखराची ती लहान अळी असते आणि तसं दिसणं हीच तिची लपायची युक्ती. मोठी झाली की ती हिरवीगार होते. काडीने हलकेच डिवचलं की डोक्यामागून केशरी दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलं किंचाळतात आणि लगेच पुन्हा काडी मागतात. एकदा पुरे, म्हणून सांगा. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण तीन-चार आठवडे लागतात. चार-पाच अळ्यांनी छोट्या रोपाची पानं फस्त केली तर करू द्या, कडीपत्ता पुन्हा फुटतो. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉन, म्हणजे नीलवंत, हेही याच कुळातलं. त्याची अळीही लिंबूवर्गीय झाडांवर वाढते. केसाळ सुरवंटाला मात्र हात लावायचा नाही, खाज दोन दिवस जात नाही.

कबुतरं हा शहरातला खरा शत्रू. नुकती उगवलेली मेथी ती मुळापासून उपटतात. भाजीच्या जुन्या जाळीदार पिशव्या डब्यावर ताणून बांधा. कबुतराची विष्ठा साफ करायचं काम मुलांना देऊ नका. ती ओली करून, नाकातोंडाला फडकं बांधून मोठ्यांनीच पुसावी.

काही गोष्टींत तडजोड नको

दुकानातल्या पाकिटातलं बी गुलाबी, निळं किंवा हिरवट रंगाचं असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं आणि रंग त्याची खूण म्हणूनच असतो. ते मुलांच्या हातात कधीही नाही. तोंडात जाणं दूरच, चिमटीतही नको. स्वयंपाकघरातलं किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडचं बिनरंगी बी वापरायचं माझं मुख्य कारण हेच.

तीन वर्षांखालच्या मुलांसमोर हरभरा, वाटाणा, राजमा मोकळे ठेवू नका. ते नाकात आणि कानात जातात आणि तिथे फुगतात. राजमा कच्चा खाल्ला तर उलट्या होतात, मोड आलेला कच्चा राजमाही खायचा नाही.

गॅलरीत आणि सोसायटीच्या बागेत काय आहे ते एकदा फिरून पाहा. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. धोतरा, एरंडाच्या बिया, लाल-काळी गुंज तशीच. ठिपक्यांच्या मोठ्या पानांचं डिफेनबेकिया शोभेसाठी घरोघरी असतं, त्याचं पान चावलं तर तोंड आणि जीभ सुजते. मोडल्यावर पांढरा चीक येणारी झाडं डोळ्यांना वाईट. मुलांना मी एकच नियम शिकवलाय: विचारल्याशिवाय कुठलंही पान तोंडात नाही, मग ते तुळशीचं का असेना.

माती झाल्यावर साबणाने हात, नखांसकट. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे ना तेवढं पाहा. आणि गॅलरीच्या कठड्याजवळ चढून उभं राहता येईल अशी कुंडी, स्टूल, विटांचा थर काहीही ठेवू नका.

कधी सुरू करायचं

सगळे मे महिन्याच्या सुट्टीत सुरू करतात, मुलं मोकळी असतात म्हणून. पेरणीला याहून वाईट महिना नाही. ऊन भाजून काढतं आणि आठ दिवसांनी सगळे गावी जातात. मे महिना माती कालवायला, कुंड्या रंगवायला, पक्ष्यांना पाणी ठेवायला, आंब्याच्या कोयी पुरायला ठेवा. भेंडी, लाल माठ, काकडी, दोडका यांची पेरणी पहिला पाऊस स्थिरावल्यावर, जूनच्या शेवटी. लाल माठाचं बी खसखशीसारखं बारीक, ते मूठभर कोरड्या वाळूत मिसळून मुलाला मिठासारखं भुरभुरवू द्या. कोकणात आणि मुंबईकडे मुसळधार पावसात कोवळी रोपं आत ओढायची तयारी हवी. दिवाळीची सुट्टी मात्र सोन्यासारखी: मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, टोमॅटो सगळं त्या थंडीत सुखाने येतं. परदेशात बर्फाळ थंडीत असाल तर खिडकीच्या काचेआतली मेथी तेवढी करा, बाकी वसंतावर सोडा.

दोडक्याचा वेल सहा-सात वर्षांच्या मुलासाठी खास. त्याची फुलं संध्याकाळी उमलतात. ज्या फुलामागे बोटाएवढा इवला दोडका असतो ते मादीफूल, नुसता देठ असतो ते नर. उंच मजल्यावर कीटक कमी येत असतील तर नरफूल तोडून त्याचा पिवळा परागकोश मादीफुलाला हलकेच लावायचा. सातव्या मजल्यावरच्या एका मुलीने असे लावलेले दोन दोडके धरले होते. त्यांची चटणी अख्ख्या मजल्याला वाटली गेली, प्रत्येकी पाव चमचा.

शेवटची भेंडी तोडू नका

हंगामाच्या शेवटी मुलाला एक भेंडी निवडायला सांगा आणि तिला सुतळी बांधा. ही तोडायची नाही. ती जून होईल, मग लाकडासारखी टणक, मग तपकिरी, आणि महिन्याभराने शिवणीवर तडकेल. वाळलेली भेंडी हलवली की आत बिया खुळखुळतात. रोप संकरित बियांचं असेल तर पुढची पिढी आईसारखी निघेलच असं नाही, म्हणून सुरुवातीलाच देशी वाणाचं बी मिळालं तर बरं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती अशीच गावरान वाणांची बियाणं घरात गोळा करून, जपून, वाटल्याबद्दल. मुलांना त्यांची गोष्ट सांगा. बी साठवणारी आजी त्यांना लगेच पटते, कारण प्रत्येकाच्या ओळखीत एक असते.

दसऱ्याच्या तोरणातले वाळलेले झेंडूही याच दिवसांत सोलता येतात. पाकळीच्या मुळाशी काळी, टोकाला पांढरट झुबका असलेली काडी हेच बी. सगळं उगवत नाही, म्हणून भरपूर ठेवा.

बिया दोन दिवस सावलीत वाळवून कागदी पाकिटात भरा, प्लॅस्टिकमध्ये दमटपणा धरतो. चमचाभर कोरडी राख टाकली तर किडा लागत नाही. पाकिटावर मुलाच्या हाताने भाजीचं नाव, तारीख आणि चित्र. माझ्या भाच्याने त्याच्या पाकिटावर लिहिलंय: "भेंडी. उघडू नये. जूनमध्ये उघडावे." पाकीट फ्रिजच्या दारात आहे आणि आठवड्यातून एकदा तो ते कानाशी हलवून परत ठेवतो.